मतपत्रिकेवर चिन्हच नसेल तर?

परवा ज्या ॲपवरून तुम्ही इअरफोन मागवलेत ना, त्या कंपनीने एका शहराच्या नगरसेवकांच्या निवडणुकीत दहा लाख डॉलर ओतले होते. खासदारकी नाही, आमदारकी नाही, चक्क नगरसेवकपद! शहर सिॲटल, कंपनी ॲमेझॉन, साल २०१९.

यामागची गोष्ट आदल्या वर्षीची. मे २०१८ मध्ये सिॲटलच्या सिटी कौन्सिलने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एक कर मंजूर केला. मोठ्या कंपन्यांनी दर कर्मचाऱ्यामागे वर्षाला २७५ डॉलर द्यायचे आणि त्या पैशातून बेघरांची सोय करायची, परवडणारी घरं बांधायची. ॲमेझॉनचं मुख्यालय याच शहरात. तिच्यासकट सगळ्या बड्या कंपन्या खवळल्या. महिनाही उलटला नाही, तोच कौन्सिलने सात विरुद्ध दोन मतांनी आपलाच कर मागे घेतला. पुढच्या वर्षी कौन्सिलच्या सात जागांची निवडणूक आली. ॲमेझॉनने त्या वर्षभरात साडेचौदा लाख डॉलरच्या आसपास रक्कम तिथल्या व्यापारी संघटनेच्या प्रचारनिधीत टाकली. त्यातले दहा लाखांहून जास्त तर मतदानाला जेमतेम तीन आठवडे उरले असताना.

निकाल काय लागला ते सांगते, जरा थांबा. त्याआधी एक प्रश्न. एवढा पैसा कुठल्या पक्षासाठी आला होता? डेमोक्रॅट की रिपब्लिकन?

उत्तर : कुठल्याच नाही. कारण सिॲटलच्या मतपत्रिकेवर नगरसेवकाच्या नावापुढे पक्षच नसतो. ना गाढव, ना हत्ती, ना कंसात पक्षाचं नाव. नुसती नावं. ऑगस्टमध्ये पहिली फेरी होते. कितीही जण उभे असोत, सगळे एकाच यादीत. पहिले दोन नोव्हेंबरच्या अंतिम फेरीत जातात. दोघंही एकाच विचाराचे निघाले तरी चालतं. अमेरिकेतल्या बहुसंख्य शहरांत नगरसेवक असेच निवडले जातात. न्यू यॉर्क, फिलाडेल्फियासारखी पक्षावर लढणारी शहरं तिथे अपवाद आहेत.

ऐकायला किती भारी वाटतं, नाही? आपल्याकडे दर निवडणुकीला कट्ट्यावर कुणीतरी म्हणतंच, ‘यार, नगरसेवकाला पक्ष कशाला हवा? गटार तुंबलं तर ते काय पक्ष विचारून तुंबतं?’ मीही हे वाक्य अनेकदा टाकलंय. पण सिॲटलची गोष्ट नीट वाचल्यावर माझं मत थोडं बदललं. कसं, ते सांगते. पटलं नाही तर भांडायला तुम्ही मोकळे आहात.

चिन्ह का काढलं?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतली शहरं झपाट्याने फुगत होती. महापालिकेतली नोकरी, रस्त्याचं कंत्राट, दारूच्या गुत्त्याचा परवाना, सगळं पक्षाच्या वॉर्डातल्या दादाच्या हातात. मत द्या, काम घ्या. सुधारणावाद्यांनी यावर उपाय सुचवला की शहराच्या निवडणुकीतून पक्षच हद्दपार करा. मतदाराने शिक्का बघू नये, माणूस बघावा. सिॲटलने १९१० मध्ये हा मार्ग धरला. पक्षाची नावं गेली आणि वॉर्डही गेले. नऊ नगरसेवक, नऊही जणांना अख्ख्या शहराने निवडायचं.

त्याच वर्षी हायरम गिल नावाचा वकील तिथे महापौर झाला. जुगार, वेश्यावस्ती हे सगळं उघड चालू द्यावं असं म्हणणारा हा माणूस. नोव्हेंबर १९१० मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या बायकांना मताचा हक्क मिळाला आणि फेब्रुवारी १९११ मध्ये गिलला परत बोलावण्यासाठी मतदान झालं. नव्याने मतदार झालेल्या हजारो बायका घराबाहेर पडल्या. गिलची खुर्ची गेली. (तीनच वर्षांनी, ‘मी सुधारलो’ असं सांगत तो पुन्हा निवडून आला, हा भाग वेगळा. मतदारांची स्मरणशक्ती सगळीकडे सारखीच!)

रिकामी जागा कोण भरतं?

आता गंमत बघा. मतपत्रिकेवरून पक्ष काढला, पण माणसाच्या डोक्यातून तो कसा काढणार? सिॲटलमधले आजचे जवळपास सगळे नगरसेवक स्वतःला डेमोक्रॅट म्हणवतात. पक्षाच्या स्थानिक शाखा रीतसर पाठिंबा जाहीर करतात. कामगार संघटना करतात, व्यापारी संघटना करते. ‘द सिॲटल टाइम्स’चं संपादक मंडळ एक यादी देतं, ‘द स्ट्रेंजर’ हे तिथलं बंडखोर नियतकालिक बहुतेक वेळा नेमकी उलटी यादी देतं. तरुण मतदार ‘स्ट्रेंजर’ची यादी समोर ठेवून मतपत्रिका भरतात, हा तिथला जुना विनोद आहे.

हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? तुमच्यापैकी जे गावाकडून शिकायला आलेत त्यांना नक्की आठवलं असेल. आपल्या ग्रामपंचायतीची निवडणूकही पक्षाच्या चिन्हावर होत नाही. मतपत्रिकेवर कपबशी, छत्री, शिट्टी. पण कुठलं पॅनेल कुणाचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. निकालाच्या संध्याकाळी दोन्ही बाजूंचे नेते ‘इतक्या ग्रामपंचायती आमच्या’ म्हणून पेढे वाटतात ते उगीच नाही.

फरक एवढाच की गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. साडेसात लाख वस्तीच्या शहरात कोण कुणाला ओळखणार? तिथे पक्षाचं चिन्ह हा एक शॉर्टकट असतो. कामावरून थकून आलेल्या माणसाला निदान एवढं कळतं की हा उमेदवार साधारण कुठल्या बाजूचा आहे आणि चुकला तर जाब कुणाला विचारायचा. हा शॉर्टकट काढून घेतला की त्या जागी दुसरं काहीतरी येतं. ओळखीचं नाव येतं, आधीपासून खुर्चीवर बसलेला माणूस येतो आणि ज्याच्याकडे घराघरांत चकचकीत पत्रकं पाठवायला पैसा आहे तो येतो.

त्यात नऊही जागा अख्ख्या शहरातून लढवायच्या, म्हणजे प्रचाराचा खर्च आणखी मोठा. गरीब किंवा अल्पसंख्य वस्तीतल्या माणसाला आपल्या भागाच्या जोरावर निवडून येणं अवघड. विंग ल्यूक हे चिनी वंशाचे पहिले नगरसेवक १९६२ मध्ये निवडून आले, सॅम स्मिथ हे पहिले कृष्णवर्णीय नगरसेवक १९६७ मध्ये. म्हणजे ‘फक्त माणूस बघा’ म्हणणारी पद्धत सुरू होऊन अर्धशतक उलटून गेल्यावर! शेवटी २०१३ मध्ये मतदारांनीच सनद बदलली. आता सात नगरसेवक सात प्रभागांतून येतात आणि दोन अख्ख्या शहरातून. प्रभाग परत आले, पक्ष मात्र आले नाहीत.

पुण्यात जन्मलेली नगरसेविका

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल, ही बाई एकतर्फी बोलतेय.

त्याच २०१३ च्या निवडणुकीत रिचर्ड कॉनलिन या सोळा वर्षं खुर्चीवर असलेल्या नगरसेवकासमोर एक अर्थशास्त्राची प्राध्यापिका उभी राहिली. नाव क्षमा सावंत. जन्म पुण्यातला, घर तमिळ, बालपण मुंबईत, पदवी मुंबई विद्यापीठाची, तीही कॉम्प्युटर सायन्समधली. अमेरिकेत जाऊन त्या अर्थशास्त्राकडे वळल्या आणि सिॲटलच्या एका कम्युनिटी कॉलेजात शिकवू लागल्या. त्या ‘सोशॅलिस्ट अल्टरनेटिव्ह’ नावाच्या छोट्याशा संघटनेच्या. अमेरिकेत उघडपणे समाजवादी म्हणवून घेणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको. त्यांची मुख्य मागणी एकच, तासाला किमान १५ डॉलर मजुरी.

मतमोजणीच्या पहिल्या रात्री त्या मागे होत्या. पुढच्या काही दिवसांत अंतर कमी होत गेलं आणि सुमारे तीन हजार मतांनी त्या जिंकल्या. जून २०१४ मध्ये कौन्सिलने टप्प्याटप्प्याने १५ डॉलर किमान मजुरीचा कायदा केला. हे काम एकट्या सावंत यांचं नव्हतं. कामगार संघटना, महापौर, बाकीचे नगरसेवक सगळे त्यात होते. पण तो विषय निवडणुकीच्या चर्चेत पुढे रेटण्यात त्यांचा वाटा मोठा, हे त्यांचे विरोधकही मान्य करतात.

माझ्या मते इथे बिनपक्षी मतपत्रिकेने खरंच काम केलं. प्रत्येक पक्ष आपापला उमेदवार ठरवून मग समोरासमोर उभा करणार असता, तर दोन मोठ्या पक्षांच्या भिंतींमध्ये सावंत यांना दारच सापडलं नसतं. चिन्ह नसल्यामुळे दोन नावं शेजारी शेजारी आली आणि लोकांना तुलना करावी लागली.

त्यांची मतं तुम्हाला पटतील किंवा पटणार नाहीत. त्यांच्यावर टोकाची टीका करणारे सिॲटलमध्ये ढिगाने आहेत. २०२१ च्या डिसेंबरमध्ये त्यांना परत बोलावण्यासाठी मतदान झालं, तेव्हा त्या फक्त ३१० मतांनी वाचल्या. आणि २०२३ च्या फेब्रुवारीत त्यांनी मांडलेला एक ठराव सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला, जो आपल्या पेपरांतही पहिल्या पानावर आला. जातीवरून भेदभाव करायला कायद्याने बंदी घालणारं सिॲटल हे अमेरिकेतलं पहिलं शहर ठरलं. बाजूने बोलणारे भारतीय वंशाचे, विरोधात बोलणारेही भारतीय वंशाचे. आपण इथून नेलेली एक गोष्ट तिथल्या नगरसेवकांच्या टेबलावर गेली होती. नगरसेवक म्हणजे फक्त गटार आणि पेव्हर ब्लॉक, असं ज्यांना वाटतं त्यांनी यावर विचार करावा.

शंभर डॉलरचं कागदी शस्त्र

मग पैशाचं काय करायचं? सिॲटलने २०१५ मध्ये मतदान घेऊन यावर एक भन्नाट तोडगा काढला, डेमोक्रसी व्हाउचर. निवडणुकीच्या वर्षात मतदाराच्या घरी पोस्टाने चार व्हाउचर येतात, प्रत्येकी २५ डॉलरची. ती स्वतःच्या खिशात घालता येत नाहीत, पिझ्झाही मागवता येत नाही. आवडलेल्या उमेदवाराला द्यायची. तो ती जमा करून शहराकडून प्रचारासाठी पैसे घेतो. बदल्यात त्याला मोठ्या देणग्यांवर आणि खर्चावर मर्यादा पाळाव्या लागतात. पैसा येतो मालमत्ता करातून. नागरिकत्व नसलेल्या, पण ग्रीन कार्ड असलेल्या रहिवाशालाही ही व्हाउचर अर्ज करून मिळतात. म्हणजे मत देता येत नाही, पण उमेदवाराला बळ देता येतं. २०१७ मध्ये ती पहिल्यांदा वापरली गेली आणि २०२५ च्या ऑगस्टमध्ये मतदारांनी योजना पुढे चालू ठेवायला पुन्हा होकार दिला.

माझी एक मैत्रीण तिथे एमएस करतेय. विद्यार्थी व्हिसावर असल्याने तिला मतही नाही आणि व्हाउचरही नाही. ती सांगत होती, तिच्या रूममेटकडे निवडणुकीआधी पोस्टाने सरकारी पुस्तिका आली. प्रत्येक उमेदवाराने स्वतः लिहिलेलं निवेदन, फोटो, शिक्षण, अनुभव, सगळं त्यात. मतपत्रिकाही पोस्टानेच. ती भरून पेटीत टाकायची किंवा पोस्टात, तिकीटही लावावं लागत नाही. रूममेटने पुस्तिका जेवणाच्या टेबलावर पसरली आणि दोन संध्याकाळी पेन घेऊन बसली. ‘अगं, सेमिस्टरच्या परीक्षेला बसली नसती एवढी बसली होती,’ इति मैत्रीण.

पण सगळेच असं बसतात का? नाही. फुकट मिळणारी ही व्हाउचरसुद्धा दहांतले नऊ जण वापरत नाहीत. टेबलाच्या खणात पडून राहतात. पैसा वाटणं सोपं असतं, उत्सुकता वाटता येत नाही.

पहिल्या रात्री मागे, चौथ्या दिवशी पुढे

आता २०१९ चा निकाल. ॲमेझॉनच्या पैशाचा पाठिंबा असलेल्या सात उमेदवारांपैकी फक्त दोन निवडून आले. सावंत पहिल्या रात्री आठेक टक्क्यांनी मागे होत्या. नंतर मोजलेल्या मतांनी त्यांना पुन्हा निवडून आणलं. आणि जानेवारी २०२० मध्ये कौन्सिलने परदेशी मालकीचा ठरावीक वाटा असलेल्या कंपन्यांच्या निवडणूक खर्चावर बंदी घातली.

ही नंतर मोजलेली मतं कुणाची असतात, माहितीये? पोस्टाने मतदान असल्यामुळे लोक दोन आठवड्यांत केव्हाही मत पाठवतात. ज्येष्ठ मंडळी पहिल्याच आठवड्यात मोकळी होतात. शेवटच्या दिवशी रात्री आठला पाच मिनिटं कमी असताना धावत पेटीपर्यंत जाणारे कोण? तुमच्या-माझ्यासारखे, असाइनमेंट ११:५९ ला सबमिट करणारे! त्यामुळे सिॲटलमध्ये पहिल्या रात्रीचा निकाल पुढच्या दिवसांत तरुण आणि डावीकडे झुकलेल्या मतांच्या बाजूने सरकतो, हे तिथल्या प्रत्येक पत्रकाराला पाठ आहे. २०२५ च्या महापौर निवडणुकीतही हेच झालं. खुर्चीवरचे ब्रूस हॅरेल पहिल्या रात्री पुढे होते, पण केटी विल्सन सुमारे दोन हजार मतांनी जिंकल्या.

याचा अर्थ तरुण नेहमीच जिंकतात असा काढू नका. २०२३ मध्ये याच शहराने, याच पद्धतीने, बऱ्याच जागांवर मध्यममार्गी, व्यापारी वर्गाला जवळचे वाटणारे नगरसेवक निवडले. अमेरिकाभरचं चित्र तर आणखी निराश करणारं आहे. पोर्टलंड स्टेट विद्यापीठाने तिथल्या मोठ्या शहरांच्या महापौर निवडणुकांचा अभ्यास केला, तेव्हा मतदाराचं मध्यम वय ५७ च्या आसपास निघालं. घरभाडं, बसचं तिकीट, तासाची मजुरी यांचा चटका सर्वांत जास्त बसतो विशी-तिशीतल्यांना. आणि त्यावर निर्णय घेणारी माणसं निवडतात स्वतःचं घर असलेले साठीकडे झुकलेले लोक. त्यात वाईट हेतू कुणाचाच नाही. ते जातात, आपण जात नाही, एवढंच.

तर मग माझं म्हणणं काय?

‘नगरसेवकाला पक्ष नको’ हे वाक्य आता मी एवढ्या सहज टाकत नाही. चिन्ह काढल्याने राजकारण जात नाही. ते मतपत्रिकेवरून उठून पत्रकांत, पाठिंब्याच्या याद्यांत आणि बँक खात्यांत जाऊन बसतं. ज्याला वेळ आहे, वाचायची सवय आहे, तो ते शोधून काढतो. दोन नोकऱ्या करणारा माणूस नाही शोधू शकत. म्हणजे नुसतं चिन्ह काढलं, तर पद्धत आधीच ज्यांचं बरं चाललंय त्यांच्या सोयीची होते. सिॲटलची गेल्या शंभर वर्षांची धडपड बघा. चिन्ह काढल्यावर जे बिघडलं ते दुरुस्त करण्यातच ती गेली. प्रभाग परत आणले, पुस्तिका घरपोच केली, पोस्टाचा खर्च उचलला, व्हाउचर दिली. आता २०२७ पासून पहिल्या फेरीत उमेदवारांना पसंतीक्रम देण्याची सोयही होणार आहे.

म्हणून सिॲटलचा हेवा वाटावा तो कोऱ्या मतपत्रिकेसाठी नाही. हेवा वाटावा तो मतदाराला अभ्यासाचं साहित्य घरी आणून देण्यासाठी. चिन्ह असो वा नसो, ते साहित्य लागतंच.

आपल्याकडे जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या. मुंबईत तर जवळपास चार वर्षं नगरसेवकच नव्हते. तुमच्यापैकी अनेकांनी तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा नगरसेवकासाठी बटण दाबलं असेल. खरं सांगा, त्या माणसाचं पूर्ण नाव आज आठवतं का? की फक्त चिन्ह आठवतं? आपल्या प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांबद्दलचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. ते कुणालाही बघता येतं. आपण एका फोनच्या खरेदीआधी दहा रिव्ह्यू वाचतो. प्रतिज्ञापत्र किती जणांनी वाचलं?

आता एक छोटंसं काम देते. या रविवारी आपल्या प्रभागातून निवडून आलेल्यांची नावं शोधा. मग त्यातल्या एकाला एक प्रश्न विचारा. मोठा नको, बसथांब्याचा, अभ्यासिकेचा, हॉस्टेलजवळच्या बंद दिव्याचा चालेल. उत्तर आलं तर तारखेसकट वहीत लिहून ठेवा. नाही आलं तर तेही लिहून ठेवा.

पुढच्या निवडणुकीला तुमची पुस्तिका तयार असेल. आणि हो, ती शेवटच्या रात्री ११:५९ ला उघडू नका. आपल्याकडे मतदान केंद्राचं दार संध्याकाळीच बंद होतं.